मॉन्टॅक्यूट हाउस: मागचं पुढे, पुढचं मागे

(पूर्वेची भिंत, सकाळचं ऊन)

इंग्लंडच्या सॉमरसेटमधलं हे मॉन्टॅक्यूट हाउस. एडवर्ड फिलिप्स या वकिलाने १६००च्या सुमारास बांधून घेतलं. काम विल्यम आर्नल्ड या त्याच भागातल्या गवंड्याचं मानलं जातं.

भिंतींना रंग दिलेला नाही. हा मधाळ रंग दगडाचाच. जवळच्याच हॅम हिलच्या खाणीतला हा चुनखडक. त्यातल्या लोहामुळे तो असा दिसतो. जरा जवळून पाहा: दगडात शिंपल्यांचा चुरा आहे. कधीकाळी इथे समुद्र होता.

आता नजर वर. खिडक्यांच्या मधल्या कोनाड्यांत मध्ययुगीन युरोपने आदर्श मानलेले नऊ वीर उभे आहेत. हेक्टर, सिकंदर, सीझर... आणि अंगावर सगळ्यांच्याच रोमन शिपायाचा वेश. ब्रिटनच्या दंतकथांतला राजा आर्थरही त्यातून सुटलेला नाही!

(पश्चिमेची भिंत)

ही घराची मागची बाजू होती. पुढे हीच दर्शनी बाजू झाली.

मूळ घराची रुंदी एका खोलीएवढी. या टोकाकडून त्या टोकाला जायचं, तर मधल्या दालनांतूनच. १७८६ साली जवळचा क्लिफ्टन मेबँक हा वाडा पाडायला काढला. फिलिप्सांच्या वंशजाने त्याची कोरीव दर्शनी भिंत विकत घेतली. दगड सुटे केले, इथवर वाहून आणले आणि घराच्या दोन बाहूंमधल्या मोकळ्या जागेत पुन्हा रचले. दगड तोही हॅम हिलचाच, म्हणून जोड डोळ्यांना खुपत नाही. भिंतीमागे आपसूक ओसरीसारखी वाट निघाली, दालनांतली ये-जा थांबली. जुन्या वाड्याचे दगड भरावात न घालता असे वापरता येतात, हे सव्वादोनशेहून जास्त वर्षांपूर्वी कुणाला तरी सुचलं होतं.

(दिवाणखाना, चुन्यातलं शिल्प)

नवरा कडेवर मूल घेऊन पिंपातली बिअर काढतोय. बायको त्याला पायताणाने हाणतेय. पुढच्या दृश्यात दांडक्यावर बसवून त्याची गावभर धिंड. एवढ्या प्रतिष्ठित घरात पाहुण्यांसमोर हे!

(वरचा मजला)

१७२ फुटांची ही गॅलरी, म्हणजे लांबलचक दालन. इंग्लंडमध्ये टिकून राहिलेल्यांत सर्वांत लांब. बाहेर पाऊस असला की इथे शतपावली.

१९१५पासून भाडेकरू होता लॉर्ड कर्झन, वंगभंगवाला तोच. या कपाटाचं दार उघडा: आत त्याने बसवून घेतलेला टब.

फिलिप्स घराण्याला हे घर पुढे पेलवलं नाही. १९३१पासून ते वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे.