रायटर हवाय

(गोदाघाट, अनंत चतुर्दशीची संध्याकाळ. ढोल लांबून ऐकू येतोय.)

विसर्जनाच्या दिवशी गोदेकाठी उभं राहिलं की नाशिकमधली निम्मी कॉलेजं इथंच भरलीत असं वाटतं. हातमोजे घातलेली पोरं निर्माल्य गोळा करतायत. कुणी भाविकांना हात जोडून विनवतंय, "काका, मूर्ती पाण्यात नको, आमच्याकडे द्या." इथं 'देव द्या, देवपण घ्या' ही मोहीम विद्यार्थ्यांनीच रुजवली. यातली बरीच मुलं एनएसएसची, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेची. ही योजना 1969 साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. अकरावी-बारावीतही ती घेता येते. वर्षाला 120 तास सेवा आणि सात दिवसांचं शिबिर.

पण 120 तास भरले की झालं? झाडू हातात घेऊन फोटो काढायचा आणि पुढच्या मिनिटाला झाडू पुढच्याकडे द्यायचा, हेही आम्ही याच शूटिंगमध्ये पाहिलं. हसू आलं. दोष मुलांचाही नाही म्हणा. पन्नास जण असले की एक जण आला नाही तरी कुणाला कळत नाही.

आम्ही शोधत होतो ते याच्या उलट काम. तुम्ही आला नाहीत तर कुणाचं तरी अडेल, असं. त्यातही, मोठ्या माणसांना करताच येणार नाही असं.

ते सापडलं.

(शाळेचा रिकामा वर्ग. दोन बाकं समोरासमोर.)

दृष्टिहीन विद्यार्थी बोर्डाचा पेपर तोंडी सांगतो आणि दुसरं कुणीतरी तो लिहितं. कागदोपत्री त्याला लेखनिक म्हणतात. मुलं म्हणतात रायटर. दहावीच्या मुलाचा रायटर त्याच्यापेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो. म्हणजे इंजिनिअर काका चालत नाहीत, निवृत्त मुख्याध्यापिका चालत नाहीत. नववीतली मुलगी चालते.

अडचण अशी की मार्चमध्ये तिचीही परीक्षा तोंडावर असते. आईबाबांची संमती हवी, शाळेचं पत्र हवं, बोर्डाची परवानगी आधीच घ्यायला हवी. त्यामुळे फेब्रुवारीत धावपळ करून उपयोग नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर आपल्याच मुख्याध्यापकांना विचारावं, किंवा दृष्टिहीनांसाठी काम करणाऱ्या नॅबसारख्या संस्थेत. नाशिकमध्ये नॅबचं काम आहे.

ही मुलगी पंचवटीतली, नववीतली. समोरचा दादा दहावीतला. दर रविवारी दोन तास सराव. तिला वाटलं होतं, आपलं अक्षर सुंदर आहे, म्हणजे झालं. पहिल्याच रविवारी कळलं की अक्षराच्या आधी वाचन येतं. प्रश्न सावकाश, दोनदा वाचायचा. स्वल्पविरामसुद्धा आवाजात ऐकू आला पाहिजे. पर्याय वाचताना बरोबर उत्तरावर आवाज चढू द्यायचा नाही! हे शेवटचं शिकायला तिला तीन रविवार लागले.

मग तो दिवस आला. सरावात प्रश्न होता, ब्राझीलची राजधानी कोणती.

दादा म्हणाला, "रिओ."

तिला ब्रासीलिया माहीत होतं. पेन थांबलं.

"लिहिलंस का?"

"दादा… नक्की?"

तो चिडला. "तू विचारलंस म्हणजे चुकलंय. बोर्डात असं विचारलंस तर दोघांनाही बाहेर काढतील. मी सांगेन तेच लिही. चुकलं तर चुकू दे, माझं आहे ते."

तिनं रिओ लिहिलं. घरी जाऊन आईला सांगताना रडली. आम्हाला हे सगळं हसत हसत सांगत होती, पण मध्येच गप्प झाली.

(कॅमेरा खिडकीबाहेर. द्राक्षांच्या क्रेट भरलेला टेम्पो जातो.)

पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचं कामही तिनं सोबत घेतलं. मोबाईल पुरतो. पंखा बंद करायचा आणि कुकरच्या शिट्ट्या संपेपर्यंत थांबायचं. इतिहासाच्या एका धड्यात मात्र शिट्टी राहूनच गेली आहे. दादा म्हणतो, ती काढू नकोस, तिथं मला पुढचं वाक्य आठवतं.

(मार्च. परीक्षा केंद्राचं फाटक.)

शेवटचा पेपर भूगोलाचा. दोन तासांचा, पण ताशी वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणून दोन तास चाळीस मिनिटं. वेगळी खोली, एक पर्यवेक्षक. नकाशाच्या जागी दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पर्यायी प्रश्न असतो. तो शोधून वाचायचा, ही जबाबदारी तिची.

आत कॅमेरा नेता येत नाही. आम्ही बाहेर वडाखाली बसून राहिलो. तिची आई डबा घेऊन आली होती, त्याचे वडील पाण्याची बाटली. दोघांची ओळख याच फाटकाबाहेर झालेली.

दीडच्या पुढे कधीतरी दोघं बाहेर आले. त्याचा हात तिच्या कोपरावर.

"पुरवणी बांधलीस ना नीट?"

"हो रे दादा. दोनदा गाठ मारली."

"आणि तुझा उद्या काय आहे?"

"गणित."

"मग चल लवकर," तो म्हणाला, आणि तिच्याआधी त्यानंच पाऊल टाकलं.