टायटनवरचा मिथेन संपत का नाही?

फलकावर लिहिलाय तोच आजचा विषय, मिथेनकडे येणारच आहे. पण बोरिस स्मेड्सबद्दल बोलल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. टायटन, म्हणजे शनीचा चंद्र, त्यावरचे ते गोलसर गोटे तुम्ही सगळ्यांनी फोटोत पाहिलेत. ते फोटो ज्याच्यामुळे आले त्याचं नाव किती जणांना माहीत आहे? हात वर करा बघू. दोनच! याचंच मला वाईट वाटतं.

१९९७ च्या ऑक्टोबरात शनीकडे जाणारं कॅसिनी यान निघालं, सोबत टायटनवर उतरायचं छोटं यान ह्युजेन्स. ह्युजेन्सनं टायटनच्या हवेत उतरत मोजमापं घ्यायची, ती कॅसिनीनं झेलून पृथ्वीवर धाडायची. स्मेड्स हा युरोपीय अवकाश संस्थेतला इंजिनिअर. त्याचा हट्ट असा, की उतरतानाचा वेग धरून या रेडिओची चाचणी झालीच पाहिजे. यान तर केव्हाच निघून गेलेलं. म्हणून फेब्रुवारी २००० मध्ये त्यानं कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनहून कॅसिनीकडे ह्युजेन्ससारखा संदेश पाठवला. साधा संदेश व्यवस्थित पोचला. मग त्यात डॉप्लरचा फरक मिसळला, म्हणजे जवळ येणाऱ्या गाडीची शिटी चढी ऐकू येते ना, तो. आणि माहितीचा पार चुथडा झाला! वेगामुळे बिट येण्याची गतीही बदलते, ते रिसीव्हरला पेलत नव्हतं. त्यातला प्रोग्रॅम इथून बदलायची सोय नव्हती. शेवटी कॅसिनीचा मार्गच बदलला. टायटनला लगटून जाणारं यान ६०,००० किलोमीटरहून लांबून न्यायचं ठरलं, म्हणजे ते ह्युजेन्सच्या दिशेनं झेपावणार नाही, बाजूनं जाईल.

१४ जानेवारी २००५. ह्युजेन्स जवळजवळ अडीच तास पॅराशूटनं उतरत होतं. त्यातही दोनपैकी एक रिसीव्हर सुरू करायची आज्ञाच द्यायची राहिली आणि निम्मे फोटो गेले. वाऱ्याची मोजणी त्याच वाहिनीवर होती. ती पृथ्वीवरच्या रेडिओ दुर्बिणींनी तो क्षीण संदेश थेट पकडून वाचवली. ही गोष्टसुद्धा तासभर सांगण्यासारखी आहे, पण चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं उरलीत.

तर मिथेन. खगोलशास्त्रज्ञ कायपरनं तो टायटनवर १९४४ मध्येच ओळखला. सूर्याचे अतिनील किरण तो सतत मोडतात. भर पडली नाही तर काही कोटी वर्षांत खलास. टायटनचं वय साडेचार अब्ज वर्षं. म्हणजे भर पडतेय, पण कुठून? उणे १७९ अंशांच्या त्या जमिनीवर ह्युजेन्स टेकलं, त्याच्या गरम नळीची ऊब खाली लागली आणि मिथेनचा आकडा चढला. जमीन मिथेननं ओली होती! पण ओलाव्यानं एवढी वर्षं भागत नाही. खरा धागा आर्गॉन-४० या वायूचा. तो खडकातल्या पोटॅशियमपासून बनतो, आणि तो हवेत सापडला. म्हणजे टायटनच्या पोटातून वायू वर येतात. माझ्या मते मिथेनही त्याच वाटेनं येतो, बर्फात अडकलेला, अधूनमधून सुटणारा. सिद्ध झालेलं नाही, पण मला हेच पटतं.

नासाचं ड्रॅगनफ्लाय यान २०२८ मध्ये निघून २०३४ ला तिथं पोचायचं आहे. हवा तपासायची उपकरणं त्यावर आहेतच, पण माझं लक्ष त्यातल्या भूकंपमापकाकडे आहे. पोटात काय चाललंय हे त्यालाच कळेल. आता प्रश्न विचारा.