पाट्या सापडल्या १९०० मध्ये, वाचल्या १९५२ मध्ये! मधे काय घडलं?

नमस्कार मंडळी! स्क्रीनवर बघा. ही मातीची लांबट पाटी, तळहातावर मावेल एवढी. माती ओली असताना टोकदार काडीनं ओढलेल्या खुणा अजून स्पष्ट दिसतात. या लिपीचं नाव लिनिअर बी. क्रीट बेटावर नॉसॉसला ती १९०० मध्ये सापडली आणि वाचता आली १९५२ मध्ये. लिपी अवघड होती, कबूल. पण माझं विचाराल तर यातली बरीच वर्षं गेली ती पाट्या छापल्याच नाहीत म्हणून.

ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर एव्हान्स यांनी त्या वर्षी मार्चमध्ये नॉसॉसच्या जुन्या राजवाड्याचं खोदकाम सुरू केलं आणि काही आठवड्यांतच पाट्या निघू लागल्या. पुढे आकडा ३,००० च्या घरात गेला. या पाट्या मुळात कच्च्या मातीच्या. राजवाडा जळला, त्यात भाजल्या गेल्या म्हणून टिकल्या. गळक्या छपराखाली ठेवलेल्या काही पाट्यांचा तर पावसात पुन्हा चिखल झाला!

एव्हान्स यांना ही लिपी स्वतःच उलगडायची होती. १९०९ मध्ये त्यांचा ग्रंथ आला, पण त्यात लिनिअर बी फारशी नव्हतीच. फिनलंडच्या योहानेस सुंडवाल यांनी ३८ पाट्या छापल्या, तर साहेबांचा पारा चढला. १९४१ मध्ये एव्हान्स गेले, तेव्हाही बहुतेक पाट्या अप्रकाशितच.

मग बाकीच्यांनी काम करायचं कशावर? न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन कॉलेजात शिकवणाऱ्या ॲलिस कोबर यांच्या हाताशी जेमतेम २०० लेख होते. त्यात युद्धामुळे कागदाची टंचाई. बाईंनी चर्चची पत्रकं, परीक्षेच्या वह्यांची कव्हरं, मिळेल ते कापून सुमारे १,८०,००० कार्डं केली आणि सिगारेटच्या खोक्यांत लावून ठेवली. त्यातून दिसलं काय, तर शब्दाची सुरुवात तीच राहते आणि शेवटच्या खुणा बदलतात. म्हणजे या भाषेत विभक्ती आहेत! पुढच्या उलगड्याचा पाया हाच. १९५० मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी त्या गेल्या.

तिकडे ग्रीसच्या मुख्य भूमीवर, पायलोसला, अमेरिकन पुरातत्त्वज्ञ कार्ल ब्लेगेन यांना १९३९ मध्ये ६०० च्या आसपास पाट्या आणि तुकडे मिळाले होते. युद्ध आलं, पाट्या अथेन्सच्या बँकेच्या तिजोरीत गेल्या. पण अमेरिकन अभ्यासक एमेट बेनेट यांनी १९५१ मध्ये चिन्हांची चोख यादी लावून त्या छापल्या. आणि पुढच्याच वर्षी, १ जुलै १९५२ ला, मायकेल व्हेंट्रिस नावाचा २९ वर्षांचा आर्किटेक्ट बीबीसी रेडिओवर सांगतो, ही भाषा ग्रीक आहे. एव्हान्स यांनी ही शक्यता साफ नाकारलेली. खुद्द व्हेंट्रिसही कित्येक वर्षं वेगळंच धरून चालला होता.

अर्थात, सगळ्यांना हे लगेच पटलं नाही. मग १९५३ मध्ये ब्लेगेन यांनी पायलोसला निघालेल्या एका नव्या पाटीची नक्कल त्याला पाठवली. छापायच्या आधीच, बरं का! पाटीवर भांड्यांची चित्रं होती. तीन पायांच्या भांड्याशेजारची अक्षरं व्हेंट्रिसच्या कोष्टकानं (कोणत्या खुणेचा उच्चार काय, याचा तक्ता) वाचली, तर ‘ति-रि-पो’, म्हणजे ग्रीकमधलं तिपाई भांडं. चार कान, तीन कान, बिनकानाचं, जसं चित्र तसा शब्द. आणि कोष्टक तयार झालं तेव्हा ही पाटी त्यानं पाहिलेलीही नव्हती.

बरेच शंकेखोर इथे गप्प झाले. एडिनबरा विद्यापीठाचे बीटी मात्र १९५६ मध्येही विरोधात लेख लिहीत होते.