जीएसएम किती?

[दृश्य: पुणे, फर्ग्युसन रस्ता, संध्याकाळ. दुकानाच्या दारात हँगरांचा रॅक.]

“दादा, जीएसएम किती?”

आठ-दहा वर्षांपूर्वी हा प्रश्न होलसेलचा व्यापारी विचारायचा. आता अकरावीतली मुलगी विचारते, आणि उत्तर यायच्या आत कापड चिमटीत धरून अंदाजही बांधते. एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन म्हणजे जीएसएम. नेहमीचा टी-शर्ट 160 ते 180चा. हा 240चा आहे, असं दुकानदार सांगतो. तिला तो 220च्या वर वाटत नाही. तिचं म्हणणं खरं की खोटं कोण जाणे, पण पन्नास रुपये कमी होतात.

रॅकवरचे रंग बघा. ऑफ-व्हाइट, बेज, राखाडी, चॉकलेटी, ऑलिव्ह, काळा. छातीवर चित्र नाही, वाक्य नाही. फार तर गळ्याखाली नखाएवढी दोन अक्षरं. खांद्याची शिवण खांद्यावरून घसरून दंडावर आलेली, बाही कोपराला टेकलेली. याला म्हणायचं ड्रॉप शोल्डर.

असा टी-शर्ट घरी पोचला की पुढचं संभाषण ठरलेलं.

“अगं, कोणाच्या मापाचा आणलास?”

“माझ्याच.”

“आणि नवा आहे ना हा? मग असा धुवट का दिसतोय?”

आईचं चुकत नाही. तिच्या लहानपणी ढगळ कपडा एकतर वाढत्या अंगाचा म्हणून शिवलेला असायचा, नाहीतर थोरल्या भावाचा उतरलेला. मातकट, राखाडी हे मळखाऊ रंग. शाळेला, प्रवासाला, कारखान्यात घालायचे. दिवाळीला ते कोणी घेत नसे. कोरा मांजरपाट तर चोळीच्या अस्तराला जायचा. आज जवळपास त्याच रंगाचा टी-शर्ट दीड हजाराला जातो, आणि आधी बुकिंग करावं लागतं.

[दृश्य: जुन्या छायाचित्रांची मालिका. घट्ट जीन्स, रंगीत छापाचे टी-शर्ट.]

याच्या आधीची पिढी घट्ट जीन्समध्ये वाढली. टी-शर्ट बोलके होते. 2012 साली मुंबईत आयआयटीच्या दोन माजी विद्यार्थ्यांनी ‘बेवकूफ’ हा कपड्यांचा ब्रँड काढला, 2013 मध्ये ‘द सोल्ड स्टोअर’ आलं, आणि छातीवर विनोद, संवाद, सुपरहिरो मिरवायची लाट आली. मग हळूहळू छाती गप्प झाली.

ही दोन बदलांची गोष्ट आहे, मापाच्या आणि रंगाच्या, आणि ते दोन वेगवेगळ्या दिशांनी आले. माप आलं हिपहॉपकडून. न्यूयॉर्कच्या वस्त्यांतून निघालेला ढगळपणा धारावीत पोचला, पुण्याच्या ताडीवाला रोडवर पोचला. तिथला रॅपर एमसी स्टॅन 2023 मध्ये ‘बिग बॉस’ जिंकला तेव्हा घराघरातल्या आजीनेही तो पाहिला. पण त्याच्या गळ्यातला हार आणि पायातले बूट ओरडून बोलतात. शांत रंग तिथून आलेला नाही. तो आला अमेरिकी रॅपर कान्ये वेस्टच्या 2015 सालच्या ‘यीझी’ कपड्यांतून आणि लॉस एंजेलिसचा डिझायनर जेरी लोरेंझोच्या ‘इसेन्शियल्स’मधून, आणि थोडा जपानकडून. तिथलं ‘मुजी’ हे दुकान 2016 मध्ये मुंबईत आलं, ‘युनिक्लो’ 2019 मध्ये दिल्लीत. टाटांच्या ‘झुडिओ’ने तोच रंग हजाराच्या आत नाशिक-कोल्हापूरपर्यंत नेऊन टाकला. मधे 2020चं टाळेबंदीचं वर्ष गेलं. घरात बसून अंगाला सैल कपड्यांची सवय लागली ती लागलीच.

[दृश्य: तिरुपूर. गोल विणमाशीन, त्यातून उतरणारी कापडाची नळी.]

आता हा टी-शर्ट जिथे बनतो तिथे जाऊ. तामिळनाडूतलं तिरुपूर. देशाच्या होजिअरी निर्यातीतला निम्म्याहून जास्त माल या एका शहरातून निघतो. इथल्या माणसाला विचारलं की सोपं काय, छापील की प्लेन, तर तो हसतो. छाप असला की डोळा छापाकडे जातो. प्लेनमध्ये गळ्याची रिब, म्हणजे ताणणारी पट्टी, सैल पडली तरी दिसते, शिवण वाकडी गेली तरी दिसते. धाग्याला पीळ जास्त असेल तर दोन धुण्यांत कापड फिरतं आणि बाजूची शिवण पोटावर येते. अंगाबरोबरच्या टी-शर्टात हे खपून जातं. ढगळ कपडा मोकळा लोंबतो, त्यात ते लगेच डोळ्यावर येतं.

[दृश्य: रंगशाळेची, म्हणजे कापड रंगवण्याच्या कारखान्याची, प्रयोगशाळा. दिव्यांच्या पेटीत कापडाचे दोन तुकडे शेजारी शेजारी.]

आणि बेज. बेज बनवायला पिवळा, लाल आणि निळा हे तिन्ही रंग अगदी थोड्या प्रमाणात लागतात. प्रमाण इतकं कमी की जराशी चूकही उघडी पडते: निळा किंचित वाढला की कापड हिरवट, लाल वाढला की गुलाबी झाक. भडक लालमध्ये एवढा फरक कोणाच्या ध्यानातही येत नाही. त्यातून ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन तुकडे उन्हात नेले की वेगळे दिसू शकतात. म्हणून ही पेटी. आत दिवे बदलत जातात आणि पाहणारा तेच दोन तुकडे पुन्हा पुन्हा पाहतो. जुळलं नाही तर अख्खा लॉट परत हंड्यात.

काळा आणि चारकोल यांचं दुखणं वेगळं. सुतावर रंग चढायला मीठ लागतं. गडद रंगाला लिटरमागे 60-80 ग्रॅमपर्यंत. काम झालं की ते सगळं पाण्यात. तिरुपूरची नोय्यल नदी या खारट, रंगीत पाण्याने इतकी नासली की खालच्या शेतकऱ्यांनी कोर्टाची पायरी चढली. जानेवारी 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने इथल्या सातशेहून अधिक रंगशाळा बंद करायला लावल्या. थेंबभर सांडपाणी बाहेर सोडायचं नाही, या अटीवर त्या पुढे सुरू झाल्या. आज पाणी गाळून, आटवून, त्यातलं मीठही परत काढून वापरतात. खर्च मोठा आहे. ‘नैसर्गिक, मातीचे रंग’ असं ज्याच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं, त्या ऑलिव्ह टी-शर्टाचा मातीशी आलेला संबंध एवढाच, या खारट पाण्यातून.

[दृश्य: मुंबई, जुलै. चाळीच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे.]

घालणाऱ्यालाही हा साधेपणा फुकट मिळत नाही. 240चं सुती कापड वैशाखात घामाने जड होतं आणि जुलैत दोन-दोन दिवस वाळत नाही. कुबट वास येतो तो वेगळाच. ऑफ-व्हाइट घालून सकाळची विरार लोकल पकडून दाखवा! तो रंग रिक्षाने जाणाऱ्याचा, घरी वॉशिंग मशीन असणाऱ्याचा. बाकीच्यांनी काळ्यावर भागवलेलं दिसतं, आणि ते शहाणपणाचं आहे.

किमतीतही एक गंमत होती. 21 सप्टेंबर 2025 पर्यंत हजार रुपयांपर्यंतच्या कपड्याला 5 टक्के जीएसटी होता, वर 12. त्यामुळे 999चा आकडा दुहेरी कामाचा होता. आता 5 टक्क्यांची मर्यादा अडीच हजारांवर गेली आहे, त्यापुढे थेट 18. जाड कापडाला मोकळीक मिळाली, पण पाट्यांवरचा 999 काही हललेला नाही.

[दृश्य: कॉलेजचा कट्टा. मुलामुलींचा घोळका, पाठमोरा.]

मला या घोळक्याकडे पाहून दोन गोष्टी वाटतात. सगळे मिळून सिमेंटच्या गोदामासारखे दिसतात, हे खरं. बांधणी, इरकल, पैठणीच्या देशात इतकी राख का फासायची, कळत नाही. पण त्यातल्या मुलींना विचारा. एकजण म्हणाली, “बसमध्ये मी ओढणी सारखी करत बसत नाही आता.” मुलींचे टी-शर्ट वर्षानुवर्षं आखूड बाहीचे, कमरेला आवळलेले, बिनखिशाचे निघायचे. मुली मुलांच्या विभागात शिरल्या आणि तिथल्याच झाल्या. जाड्या पोराला पोट आत ओढून उभं राहावं लागत नाही. एम, एल आणि एक्सएल शेजारी उभे असले तरी कोणाचं माप काय ते ओळखू येत नाही. फॅशनने आपल्याकडे अंगाला एवढी सूट फार क्वचित दिली आहे.

[दृश्य: ऑल्टरेशनचं दुकान. शिंप्याचे हात, कात्री.]

या सगळ्यात धंदा बदलला तो कोपऱ्यावरच्या ऑल्टरवाल्याचा. दहा वर्षं त्याने पोरांचे शर्ट आत घेतले, पँटी पायाला निमुळत्या केल्या. तेच आता तो उसवून देतो. वर नवं काम आलंय: मुलं वडिलांच्या कपाटातले नव्वदच्या दशकातले शर्ट आणि प्लेट्सच्या पँटी घेऊन येतात. खांदा आपोआप उतरलेला असतो, कापड दणकट असतं, रंगही बहुधा बिस्किटी किंवा राखाडीच. खालून चार इंच कापून द्यायचं, बास. शंभर रुपये.

परवा एक वडील स्वतःच आले होते, शर्ट शोधत. लग्नानंतर पहिल्या पगारात घेतलेला, म्हणाले. शिंप्याने कापलेला चार इंचांचा तुकडा काढून दिला आणि विचारलं, “जोडून देऊ का परत?”