अबेओकुता: दोन दिवसांचा बेत

नायजेरियातल्या अबेओकुताला जायचं ठरलं की आधी पीतज्वराची लस घ्या. भारतातून निघण्याच्या किमान 10 दिवस आधी ती टोचून घ्यावी लागते. तिचं प्रमाणपत्र पासपोर्टसोबतच ठेवा. परतताना ते जवळ नसेल, तर भारतात 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं.

अबेओकुताला लागोस या मोठ्या शहरातून जायचं. तिथल्या वाहतूक कोंडीचा काही भरवसा नाही, म्हणून रेल्वेच बरी. लागोसमधल्या एबुते मेट्टा स्टेशनहून अबेओकुतामार्गे इबादानला जाणारी सकाळची गाडी धरा. 2021 पासून ही नवी लाईन प्रवाशांसाठी खुली आहे. गाड्या मोजक्याच असतात, त्यामुळे परतीचं तिकीटही आधीच काढा. अबेओकुताचं स्टेशन शहराबाहेर आहे. टॅक्सीत बसण्यापूर्वी भाडं ठरवून घ्या.

पहिला दिवस पूर्ण इतोकू बाजाराला द्या. इथे आदिरे मिळतं, म्हणजे इथल्या योरुबा समाजातल्या बायकांच्या हातचं रंगकामाचं कापड. 'ओनिको' प्रकारात कापड राफिया या ताडाच्या धाग्याने बांधून निळीत बुडवतात. 'एलेको'साठी कसाव्याची, म्हणजे आपल्या साबुदाण्याच्या कंदाची, खळ शिजवून ती कोंबडीच्या पिसाने किंवा कापलेल्या पत्र्यातून कापडावर चढवतात. खळ वाळली की कापड निळीच्या रांजणात. बाहेर काढलं की ते हिरवट दिसतं, हवा लागली की निळं होतं. हवा तेवढा गडदपणा येईपर्यंत पुन्हा पुन्हा बुडवायचं. खळ एकाच बाजूला असल्यामुळे एलेकोची नक्षी मागून पुसट दिसते, पण निळा रंग आरपार उतरलेला असतो. मागची बाजू पांढुरकी आणि नक्षी तंतोतंत तीच तीच असेल, तर तो यंत्रावरचा छापा समजा. असा माल बाजारात भरपूर आहे आणि त्याने कारागिरांचं पोट मारलं जातं. खरं कापड महाग वाटलं तरी तेच घ्या. कापड बहुधा पाच वारांच्या तुकड्यांत विकतात. पहिले काही धुणे वेगळे करा, रंग जातो.

या शहरातल्या बाजारकरणींना कमी लेखू नका. इथल्या महिला नेत्या फुन्मिलायो रॅन्सम-कुटी यांच्यासोबत त्यांनी करांविरुद्ध असा लढा दिला, की 1949 मध्ये इथल्या राजाला, अलाकेला, काही काळ गादी सोडावी लागली. फोटो काढण्यापूर्वी विचारा, आणि पैसे उजव्या हातानेच द्या.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत ओलुमो खडक गाठा. 1830 च्या सुमारास युद्धांतून निसटलेल्या एग्बा या योरुबा गटाच्या लोकांनी सोदेके यांच्या नेतृत्वाखाली इथे आसरा घेतला. कपारीतल्या दगडात वाटण्या-कुटण्याचे खळगे अजून दिसतात. लिफ्ट बंदच आहे असं धरून चला, आणि पकड असलेले बूट घाला. पावसात खडक निसरडा होतो. डिसेंबर-जानेवारीत वाट कोरडी असते, पण हरमट्टान वाऱ्याच्या धुळीत वरून शहर धूसर दिसतं. नोव्हेंबर त्यातल्या त्यात उत्तम.

दुपारी पानात बांधलेला ओफादा भात खाऊन गाडी पकडा. शाकाहारी असाल तर आधी विचारा, कारण सोबतच्या तिखट रश्शात आतडी आणि जवळा असतो.