"तुमच्याकडे असंच असतं ना?"

परदेशात येऊन माझा एक मोठा फायदा झाला, माझा विचित्रपणा खपून गेला. पुण्यात मी घुमी होते, शिष्ट होते, आत्याच्या भाषेत "जरा एककल्लीच आहे ती". मेलबर्नला आले आणि नुसती 'नवीन आलेली' झाले. पार्टीत कोपऱ्यात उभी राहिले तर बिचारी बुजलीय, जोक कळला नाही तर भाषेचा प्रॉब्लेम, नजर वर करून बोलत नाही तर "तुमच्याकडे असंच असतं ना, मोठ्यांचा मान वगैरे?" मी पण हो म्हणायचे, कोण वाद घालत बसणार. ऑफिसच्या टी-रूममध्ये काय बोलायचं ते मी वहीत लिहून पाठ करायचे, वीकेंड, हवा, फुटी म्हणजे इथला फुटबॉल, आणि बाकीच्या देशी मैत्रिणी म्हणायच्या अगं आम्ही पण सुरुवातीला असंच केलं. पण त्यांची वही कधीच सुटली आणि माझी सुटेना, कारण माझी वही पुण्यापासूनची होती. लग्नकार्याला जाताना रिक्षात बसून मी "कधी आलात, प्रवास कसा झाला, किती बारीक झालात" घोकत जायचे, तेही मराठीत, माझ्याच माणसांत!

ऑटिझमचं, म्हणजे मेंदूच्या जन्मापासूनच्या वेगळ्या घडणीचं, निदान झालं ते चाळिशी ओलांडल्यावर. तोवर थेरपिस्ट म्हणून काम करून बरीच वर्षं झाली होती, हसा तुम्ही.

आता माझ्याकडे असेच लोक येतात, ज्यांचं सगळं 'कल्चर'च्या खात्यावर टाकलं गेलंय. काहींचं निदान झालेलं असतं पण अर्धंच, कारण २०१३ मध्ये डीएसएम-५, म्हणजे मानसिक निदानांच्या अमेरिकन पुस्तकाची पाचवी आवृत्ती, येईपर्यंत ऑटिझम आणि एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं, सतत चुळबुळ वगैरे, ही दोन्ही निदानं एकाच माणसाला देता येत नव्हती. एकाचं सांगते, म्हणजे दोन-तीन जणांचं एकत्र करून सांगते, ओळखायला जाऊ नका. आयटीतला माणूस, डिप्रेशन म्हणून गोळ्या चालू, कसं वाटतंय विचारलं की "ओके". बऱ्याच ऑटिस्टिक लोकांना, सगळ्यांना नाही, आत काहीतरी चाललंय हे कळतं पण त्याला नाव देता येत नाही. म्हणून मी तो प्रश्नच सोडला. काल जेवलात का, दात आवळून धरलेत का, शर्टाचं लेबल टोचतंय का, असं विचारत गेले. तो बराच वेळ गप्प, मीही गप्प, मग समोर बसल्या बसल्या त्याने मला फोनवर टाइप करून पाठवलं, "ऑफिसात नवीन एसी बसवलाय, त्याचा आवाज दिवसभर येतो, बाकी कुणाला येत नाही." खरं काम सुरू झालं ते तिथून. माझ्या खोलीत ट्यूबलाइट बंद असते, खुर्च्या समोरासमोर नाहीत, शेजारी शेजारी आहेत, काय बोलायचंय ते आदल्या दिवशी मेलवर जातं. यात ग्रेट काही नाही, मला स्वतःला हेच लागतं.

डेमियन मिल्टन म्हणून एक ऑटिस्टिक संशोधक आहेत, त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की न समजणं हे दोन्हीकडून असतं, आम्हाला तुमचं कळत नाही तसं तुम्हालाही आमचं कळत नाही. मग २०२० मध्ये एडिंबरा विद्यापीठाच्या मंडळींनी एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला गोष्ट सांगायची असा प्रयोग केला. सगळे ऑटिस्टिक असले तर गोष्ट नॉन-ऑटिस्टिक साखळीइतकीच नीट पोचली, मिक्स साखळीत जास्त गळाली. आमच्या लोकांत हा प्रयोग फार फिरतो. पण २०२५ मध्ये तोच प्रयोग मोठा करून केला तेव्हा मिक्स साखळीतही तसा फरक दिसला नाही, हे मात्र कुणी फिरवत नाही. तेव्हा ऑटिस्टिकला फक्त ऑटिस्टिकच समजू शकतो हे मी तरी म्हणणार नाही. गणपतीत ढोल-ताशा सुरू झाला की मी पार्किंगमध्ये पळते, आणि माझी एक क्लायंट ढोलाला जवळजवळ चिकटून उभी राहते, अंग शांत होतं म्हणते. माझ्या अनुभवावरून तिला हेडफोन दिले असते तर झालंच!

आता व्हिसाचं, कारण ते कुणी बोलत नाही. ऑस्ट्रेलियात पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, देताना तुमच्यावर सरकारचा पुढे किती खर्च होईल याचा अंदाज काढतात, तो एका मर्यादेबाहेर गेला की अडचण, जुलै २०२४ मध्ये ती मर्यादा ५१,००० डॉलरवरून ८६,००० केली. मुलाच्या ऑटिझमवरून पीआर अडकलेल्या कुटुंबांच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. म्हणून आईबाप मुलाला तपासायलाच नेत नाहीत, शाळेने चिठ्ठी पाठवली तरी "घरी दोन भाषा आहेत ना, म्हणून उशिरा बोलतोय" म्हणून परत पाठवतात, आणि शाळेलाही ते पटतं. मी त्यांना दोष देत नाही. टेंपररी व्हिसावरचं कुणी आलं की मी आधी मायग्रेशन वकिलाला भेटा म्हणते, आणि तोवर निदानाच्या कागदाशिवाय जे जे करता येईल, झोप, आवाज, खाणं, शाळेतून आल्यावर तासभर अंधारी खोली, ते सुरू करतो. थेरपिस्टला हे सांगावं लागतं याचा मला संताप येतो.

असो, प्रश्न विचारा. चिठ्ठीवर लिहून दिलेत तर मला जास्त सोयीचं.