ट्रान्सजेंडर मूल आणि खर्रा: घरी फोन करायच्या आधी हे ऐका

नमस्कार. नागपुरातले बरेच शिक्षक एकच विचारताहेत: वर्गातलं ट्रान्सजेंडर मूल खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण खातं, काय करायचं?

शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायला बंदी आहे, हे तुम्हाला पाठ आहे. पानठेल्याची तक्रार कराच. पण मूल तिथवर पोचतं कसं? मुलांच्या बाथरूममध्ये पँट ओढतात, मुलींच्या बाथरूममध्ये मॅडम जाऊ देत नाहीत. मग ते सकाळपासून पाणीच पीत नाही आणि मधल्या सुट्टीत मागच्या भिंतीकडे जातं. तिथे पन्नीत खर्रा घोटणारी मोठी पोट्टी त्याला चिडवत नाहीत, बाजूला बसवतात. कॅलिफोर्नियात 2013 ते 2015 च्या शालेय पाहणीत ट्रान्सजेंडर मुलांमध्ये नशेचा धोका इतरांच्या अडीच ते चार पट दिसला. त्यात छळ आणि उदासीचा मोठा वाटा होता. म्हणून आतून कडी लागणारं एक टॉयलेट सगळ्यांसाठी उघडं ठेवा. किल्ली मागायला लावू नका, मागताना अख्खी शाळा बघते. 2019 च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याचं कलम 13 भेदभाव न करता शिकवायला सांगतंच.

आता घरी फोन. सगळ्यात जास्त इथेच चुकतं. खर्रा सापडला, एवढंच सांगा. ‘तुमचा मुलगा मुलींसारखा राहतो, म्हणून नादी लागला’, या एका वाक्याने पोराची शाळा सुटते. आधी त्यालाच विचारा: घरी काय माहीत आहे? कोणतं नाव घेऊ? ‘घरी मारतील’ म्हणालं, तर फोन थांबवा आणि 1098, म्हणजे चाइल्डलाइन लावा. रजिस्टरमध्येही तेच: तारीख, पदार्थ, कुठून आणला, बस. मेडिकल किंवा मेयो या सरकारी हॉस्पिटलांच्या मानसोपचार ओपीडीची चिठ्ठी लिहितानाही फक्त तंबाखू. बाकीचं मूल डॉक्टरांना स्वतः सांगेल, सांगायचं असेल तर.

एका कमेंटमध्ये आहे, ‘आधी व्यसन सोडू दे, मग बाथरूमचं बघू.’ नाही हो! बाथरूम आजच उघडा. भिंतीमागे जायचं कारण तसंच राहिलं, तर खर्रा सुटणार कसा?

आणि व्हाइटनर हुंगताना दिसलं, तर ओरडू नका, मागे धावू नका. त्या वाफेने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. दचकून पळालं तर हृदय जागीच बंद पडू शकतं. शांतपणे व्हाइटनरचा रुमाल काढून घ्या, मोकळ्या हवेत बसवा, जवळच थांबा. झोपाळलं किंवा श्वास अडखळला, की लगेच 108.